निळ्या फिती

वेइयो, फोनवर तू एवढंच विचारलंस:
किती येतील?

आकडा आहे माझ्याकडे.
लाकूड कंपनीचा माणूस नम्र होता,
बूट दाराशी काढून आत आला,
दोन कप कॉफी प्यायला आणि म्हणाला,
एकतीस हेक्टर, एका हिवाळ्यात, सगळं सपाट.
जमीन गोठली की यंत्राची चाकं रुतत नाहीत.
आकडा चांगला आहे, खोटं कशाला बोलू.
तुझं कर्ज फिटेल. माझं छप्पर होईल.

सहीच्या आधी म्हटलं, एक फेरी मारून येऊ.
बाबांचे रबरी बूट घातले, आत दोन जोड मोजे.

तुला ठाऊक होतं,
त्यांनी काही झाडांना निळ्या फिती बांधल्यात?
वहीत त्यांचा उल्लेख नाही.
वहीत घेर आहेत, उंच्या आहेत,
कुठल्या साली कुठे रोपं लावली ते आहे,
आणि एका पानावर नुसतं: हिल्क्काला ताप.
फितींबद्दल अक्षर नाही.

पहिली फीत जुन्या अ‍ॅस्पनला, पोकळ, निकामी.
वाकून पाहिलं तर बुंध्याशी
पिवळ्या कण्या सांडलेल्या, तांदळाच्या असाव्यात तशा.
उडत्या खारीची विष्ठा.
तिच्यासाठी कायदा आहे म्हणे;
बाबांनी तो वाचला नसणार. कण्या वाचल्या असणार.

दुसरी मेलेल्या पाइनला. उभ्याउभ्या वाळलेला,
सुतारपक्ष्यांनी चाळण केलेला.
मग ओढ्याकाठी सलग अकरा आल्डर,
ज्यांना बाजारात कुणी हुंगत नाही.
त्यांच्या सावलीत पाणी बोटं बधिर करतं
आणि दगडाआड एक ट्राउट
मी जाईपर्यंत हललाच नाही.

झाड तोडू नये असं मी म्हणत नाहीये, वेइयो.
तुझं कॉलेज या जंगलानेच केलं,
माझ्या दातांच्या तारासुद्धा.
बाबा तोडायचे. पण ताटातलं वाढून घ्यावं
तसं तोडायचे, पातेलं खरवडून नाही.
दक्षिणेकडे स्प्रूस फार दाटलेत,
एकमेकांच्या खांद्यावरून उजेड मागतात.
तिथे विरळणी हवी, याच हिवाळ्यात.
भुंगेऱ्यांनी पोखरलेले सात आहेत,
ते जूनच्या आत बाहेर काढायला हवेत,
नाहीतर शेजारच्या रिस्सानेनचं जंगलही जाईल,
आणि तो मला चर्चमध्ये ओळख दाखवणार नाही.
यातून पैसे येतील. थोडे. पुन्हा आठ वर्षांनी, थोडे.
छप्पर मी टप्प्याटप्प्याने करीन,
तोवर बादली आहे.

आता शेवटची फीत.
टेकाडावर एक वाकडा स्प्रूस.
ढोली नाही, घरटं नाही, पाणी जवळ नाही.
तीनदा प्रदक्षिणा घातली. काही म्हणजे काही नाही.
म्हटलं, म्हातारपणी चुकले असतील बाबा.
बुडाशी सपाट दगड होता, त्यावर टेकले.
दगडाच्या खाचेत त्यांची तपकिरीची डबी, गंजलेली.
आणि खिशात फोन वाजला.

सबंध जंगलात रेंज येते ती फक्त तिथे.

दर रविवारी चार वाजता
ते तुला फोन करायचे ना, औलूला?
मला वाटायचं, घरातून करतात.
अर्धा तास चढ चढून, त्या गुडघ्यांनी,
दगडावर बसून विचारायचे तुला
तिकडे बर्फ किती पडलं.

तर तू विचारत होतास, किती येतील,
आणि मी त्याच दगडावर बसून
म्हटलं, ऐकू येत नाहीये, पत्र लिहिते.
ऐकू नीट येत होतं.

सही केलेली नाही. निम्मं तुझं आहे,
तू म्हणशील तर तुझ्या बाजूचं मोजून देईन,
भांडणार नाही.
पण आधी ये. ओढा फुटायच्या आत ये,
बूट मी कोरडे करून ठेवते, ते तुझ्याच मापाचे आहेत.
शेडमध्ये निळ्या फितीचं रीळ सापडलं.
अर्ध्याहून जास्त शिल्लक आहे.